होई आनचं घावन

"विचारलंस ना रे?" घास तोंडाशी नेता नेता इरशाद थांबला.

"हो हो, खा तू," श्रीपत म्हणाला आणि हेल्मेटचा पट्टा सोडवत प्लास्टिकच्या बुटक्या खुर्चीवर टेकला.

त्याने विचारलं नव्हतं.

म्हणजे विचारायचं त्याच्या मनात होतं. पण सकाळपासून अठरा किलोमीटर सायकल हाणून त्याच्या मांड्यांचं पार भजं झालं होतं. गाइड पोरगी, लान तिचं नाव, मागे राहिलेल्या पुण्याच्या जोडप्याच्या सायकलची चेन बसवत होती. चुलीपुढच्या म्हातारीला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. आणि विचारायचं तरी काय, सांगा! व्हिएतनाममधल्या होई आन गावाबाहेरचं ते खोपट, आणि तव्यावर चर्र करून पडत होतं ते चक्क घावन. तांदळाचं पीठ, हळदीचा रंग, कडेला जाळी, आत कोळंबी. कोकणात, कुडपणच्या पठारावर जन्मलेल्या माणसाने घावनाची चौकशी करायची? श्रीपतने दोन घावनं स्वतः हाणली आणि तिसरं आणायला ताट घेऊन तो चुलीपाशी गेला.

म्हातारीने तव्यात बरणीतली पांढरी चरबी सोडली. तिच्यावर दोन पातळ, गुलाबी-पांढरे काप ठेवले. मग कोळंबी, मग पीठ. श्रीपतने त्या कापांकडे बोट दाखवलं. म्हातारी बोळकं पसरून हसली. बोटाने आपलं नाक वर दाबून तिने डुकराचा आवाज काढला, अगदी हुबेहूब.

श्रीपतने पुढे केलेलं ताट मागे घेतलं.

"श्रीपत, माझ्यासाठी पन आन रे आणखी एक!" मागून इरशाद ओरडला. "आईची याद आली बघ. तुडीलला चुलीम्होरं बसून असंच खायचो. अस्संच!"

तिसरा मित्र भिकू मोबाइल धरून उभाच होता. त्याची पोलादपूरला पिठाची गिरणी, आणि गिरणीवाल्याच्या अधिकाराने तो पिठावर बोलत व्हिडिओ काढत होता. "बघा मंडळी, आमचा इरशादभाई परदेशात घावनं चापतोय. पीठ जरा जाडं हाय, पन चालतंय." म्हातारीने उलथनं घालून घावन दुमडलं आणि स्वतः उठून इरशादच्या ताटात टाकलं, त्याचं तिसरं. मग चौथं टाकलं. श्रीपत ताट हातात धरून तिथेच उभा राहिला. ओरडावं, ताट ओढून घ्यावं, काहीतरी करावं असं त्याच्या मनात आलं. पण ओरडून काय सांगणार? दोन तर त्याच्या पोटात आधीच गेली होती. आणि आपण 'हो' म्हटलं होतं.

आता या 'हो'चं सांगायला हवं. श्रीपत एसटीत कंट्रोलर होता. एकतीस वर्षं त्याने चौकशीच्या खिडकीत काढली. खिडकीपुढे दिवसभर माणसं. कुणी आजारी बापाला घेऊन मुंबईला निघालेलं, कुणी लग्नाला, कुणी मयताला. सगळ्यांचा प्रश्न एकच: गाडी येईल ना हो? आणि श्रीपत रजिस्टरातून मान वर न करता म्हणायचा, हो हो, येईल, बसा. गाडी कुठे आहे, घाटात अडकलीय की डेपोतून सुटलीच नाही, त्याला ठाऊक असायचंच असं नाही. पण 'हो' म्हटलं की माणूस निवांत बाकावर जाऊन बसतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याला ते पुण्यकर्मच वाटायचं. बहुतेक वेळा गाडी यायचीही. स्वभाव वाईट नव्हता हो त्याचा. जिभेला वळण पडलं होतं, इतकंच.

आणि नेमक्या या माणसाच्या भरवशावर इरशादच्या बायकोने, नुरजहाँने, त्याला पाठवलं होतं.

तिघे महाडच्या एका शाळेतले, एका बाकावरचे. साठी उलटल्यावर दर रविवारी महाड ते पोलादपूर सायकलने जायचं, घाटाच्या पायथ्याशी चहा प्यायचा आणि परतायचं, असा त्यांचा परिपाठ. भिकूची लेक सेजल मुंबईला सहलींच्या कंपनीत लागली. तिनेच हे काढलं: सात दिवस, सायकल चालवायची, गावोगावचं खायचं. इरशादचे डोळे चमकले. "चोवीस वर्सं कुवेतला व्हतो रे," तो म्हणाला, "पन परदेस नाय बघितला. गोदाम बघितला नि खोली बघितली." त्याला जायचं होतं. नुरजहाँ मात्र ऐकेना. तिकडे लोक काय काय खातात, कशात तळतात, ह्यांना काय कळणार? शेवटी श्रीपत तुडीलला तिच्या ओटीवर जाऊन बसला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "भाभी, कोंबडी-मटणाचं नाव नाही. मासळी, भाजी, भात. आणि प्रत्येक जिन्नस मी विचारीन, मी चाखीन, मगच ह्याच्या ताटात."

"तुमी बोललात म्हंजे झालं, भाऊ," ती म्हणाली, आणि आत जाऊन बॅग भरायला लागली.

पहिले दोन दिवस त्याने शब्द पाळला, अगदी काटेकोर. लानकडून त्या भाषेत 'मांस नको, चरबी नको' अशी चिठ्ठी लिहून घेतली होती, ती प्रत्येक गाडीवाल्याला दाखवायचा. भिकू त्याला "फूड इन्स्पेक्टर" म्हणायचा. तिसऱ्या दिवशी ती चिठ्ठी त्याच्या खिशातच होती. काढली नाही. घावनासाठी कशाला काढायची?

उरलेले चार दिवस श्रीपत नुसता भीत होता. भाताच्या खाचरांमधून सायकली जात, म्हशी बघत उभ्या असत, इरशाद लहान पोरासारखा घंटी वाजवी. आणि श्रीपत मागून मनाशी ठरवत जाई. आता सांगू, जेवताना सांगू, नको, विमानात सांगू. मित्राला बाटवला आपण, असं त्याला वाटे. मग वाटे, बाटवणं वगैरे जुन्या काळचं, त्याला माहीतच नाही तर काय झालं? मग पुन्हा इरशाद सकाळी हॉटेलच्या खोलीत दोन पलंगांच्या मध्ये टॉवेल अंथरून नमाजला उभा राही, आणि श्रीपत आंघोळीला म्हणून आत जाऊन नळ सोडून नुसता बसे. तोंड दाखवायचा धीर होत नसे.

त्याला देवाची भीती होती, इरशादच्याही आणि स्वतःच्याही. पण खरं बोलायचं तर माणसांची जास्त होती. दिवस असे आलेले. चवदार तळ्यापाशी संध्याकाळी बसणाऱ्या म्हाताऱ्यांतसुद्धा हल्ली कोण कुठल्या बाकावर बसतो ते ठरून गेलं होतं. उद्या कुणी म्हणालं, श्रीपतने मुद्दाम खाऊ घातलं, तर? आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्या बाजूचं कुणी पाठ थोपटून हसलं, तर? त्या विचाराने त्याला शिसारी येई. पंचेचाळीस वर्षांची दोस्ती लोकांच्या तोंडी चघळायला जाणार, आणि तीही आपल्या एका आळसापायी.

महाडला परतल्यावर भिकूने आठवडाभरात तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. श्रीपतने तो दार लावून पाहिला. एकदा नव्हे, वीसदा पाहिला. इरशादचं हसरं तोंड, गालावर चिकटलेला कोथिंबिरीचा पाला आणि मागे, डाव्या कोपऱ्यात, तवा. बरणी. ते दोन काप. स्पष्ट दिसत होते. म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्याला स्पष्ट, बाकीच्यांना काहीच नाही. तो मोबाइल डोळ्यांजवळ नेई, लांब धरी, दुसऱ्याच्या नजरेने बघायचा प्रयत्न करी.

"काय एवढं बघताय त्यात?" आनंदीबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं. "जेवण जात नाही तुमचं तिकडून आल्यापासून. पोट बिघडवून आलात की काय?"

"काही नाही. पाणी बाधलं असेल."

मग नुरजहाँचा फोन. "भाऊ, बघितला हो व्हिडिओ! किती वर्सांनी ह्यांना असं खाताना बघितलं. मी अकिबला पन पाठवला कुवेतला."

श्रीपतने "बरं" म्हणून फोन ठेवला. अकिब म्हणजे इरशादचा मुलगा. हॉटेलाच्या भटारखान्यात कामाला. त्याच्याबरोबर तव्यापाशी उभी राहणारी माणसं मनिलाची, सायगॉनची, कुठकुठली. त्याला कोण सांगणार नाही? त्या दिवसापासून फोन वाजला की श्रीपत आधी नाव वाचायचा, मगच उचलायचा. सेजलचा सहज खुशालीचा फोन आला तरी तो आधी आवाजाचा अंदाज घ्यायचा.

तीन रविवार तो सायकलवर गेला नाही. गुडघा दुखतो म्हणाला. चौथ्या रविवारी इरशाद सायकल घेऊन दारातच उभा राहिला. "चल गुमान. गुडघा बसून अजून धरंल."

भिकूला गिरणीचं काम निघालं होतं, दोघेच होते. पोलादपूरच्या फाट्यावर चहावाल्याच्या बाकड्यावर ते बसले. समोरून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्या वळत होत्या. इरशादने बशीत चहा ओतला आणि म्हणाला, "अकिबचा फोन व्हता परवा."

श्रीपतने ग्लास दोन्ही हातांनी धरला.

"म्हनतो, अब्बा, ते पिवळं काय खाल्लंत ते नीट बघितलंत काय? त्याच्यात कायबाय घालतात म्हने तिकडची लोकं. मी त्याला झापला. म्हटलं, श्रीपतने विचारलेलं हाय. मी सोता त्याला विचारलं नि तो हो बोलला. विषय संपला." इरशादने बशी तोंडाला लावली. "आजकालची पोरं. कुनावर इश्वास म्हनून नाय."

झालं होतं की! विषय खरंच संपला होता. महिनाभर ज्याच्या भीतीने झोप उडाली होती ते संकट दारापर्यंत येऊन परत गेलं होतं, आणि त्याला परत पाठवलं होतं इरशादनेच. श्रीपतने फक्त चहा प्यायचा होता. त्याने एक घोट घेतलाही. मग ग्लास खाली ठेवला.

"इरशाद, त्यात डुक्कर होतं."

"आं?"

"त्या घावनात. चरबी पण तीच."

इरशादने बशी खाली ठेवली. मग, श्रीपतने कधी अपेक्षा केली नव्हती इतक्या शांतपणे, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "म्हंजे बाई खोटं बोलली. त्यात तुझा काय दोस? मला म्हाईत नव्हतं, तर अल्ला मला नाय धरायचा. आनि तू तर विचारलं व्हतंस. हेच घेऊन बसलास व्हय महिनाभर? येडा हायस."

पुन्हा सुटका. दुसऱ्यांदा सुटका, पाच मिनिटांत! आणि ती म्हातारी तर हजारो मैलांवर, तिला काय कळणार होतं? श्रीपतला तिचं बोळकं आठवलं. तिने काही लपवलं नव्हतं. विचारताक्षणी नाक दाबून सांगितलं होतं बिचारीने.

"मी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला.

"काय बोलतोस?"

"तू विचारलंस, 'विचारलंस ना' म्हणून. मी हो म्हणालो. पण विचारलं नव्हतं. घावनासारखं दिसलं म्हणून… दमलो होतो रे."

गुडघ्यावरचा हात निघाला. झटकन नाही, हळूच.

"मंग तुला कळलं कदी?"

इथे तरी खोटं बोलता आलं असतं. "तू आणखी मागितलंस ना, तेव्हा."

इरशादचे ओठ हलले. तो मोजत होता. "म्हंजे दोन मी नकळत खाल्ली," तो म्हणाला. "नि दोन तुझ्या डोळ्यांदेखत."

श्रीपतने मान खाली घातली. त्याला रडू फुटलं, आणि एकसष्ट वर्षांचा माणूस पोलादपूरच्या फाट्यावर बाकड्यावर बसून डोळे पुसत राहिला. इरशाद उठला. चहावाल्याच्या पिंपातून त्याने तांब्याभर पाणी घेतलं आणि रस्त्याकडेला उकिडवा बसून चूळ भरली. तीन वेळा, सावकाश, अगदी नमाजाआधी भरतात तशी. मग तोंड पुसलं, चहाचे पैसे दिले आणि सायकल स्टँडवरून काढली.

"नुरजहाँला ह्यातलं काय कळता नये," तो म्हणाला. "ती तुला भाऊ म्हनते."

महाडपर्यंत तो पुढे आणि श्रीपत मागे. एकदाही त्याने वळून पाहिलं नाही.

पुढचा आठवडा श्रीपतने कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत. आता इरशाद यायचा नाही, बोलायचा नाही, वाटेत दिसला तर पलीकडून जाईल. पण रविवारी सहाच्या ठोक्याला घंटी वाजली. इरशाद आला होता. टायरमध्ये हवा कमी आहे म्हणाला. भिकूची टिंगल झाली, चहा झाला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. कुठे काही वावगं नाही. श्रीपतची भीती हळूहळू ओसरली. माफ केलं त्याने, श्रीपतला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस! त्याचं जेवण वाढलं, रंग परतला, आणि आनंदीबाईंनी एकदाचं ठरवलं की इरशादभावजी आणि नुरजहाँला जेवायला बोलवायचं. कोंबडी-वडे करायचे.

श्रीपतने सकाळपासून नुसती धावपळ केली. पाट मांडले, कांदा चिरला, लिंबं आणली. दुपारी बाराला दोघं आली. नुरजहाँने येताना खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या. आत वडे तळल्याचा वास सुटला होता. इरशाद पंख्याखाली बसला आणि आनंदीबाईंनी त्याच्यापुढे ताट ठेवलं. श्रीपत रश्श्याचं पातेलं आणि पळी घेऊन वाढायला पुढे झाला.

"वहिनी," इरशाद म्हणाला, "कोंबडी कुठनं आनलीत?"

नुरजहाँ चमकली. "अवो! असं काय विचारता? श्रीपतभाऊंच्या घरात कदी विचारलंय काय आजवर?"

"तसंच आपलं," इरशाद म्हणाला.

श्रीपत पळी धरून वाकलेला होता, तसाच राहिला. "जलीलकडची," तो घाईघाईने म्हणाला. "नेहमीचीच रे. मी स्वतः जाऊन आणली. समोर उभा राहून कापून घेतली."

इरशादने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो अजून आनंदीबाईंकडेच बघत होता, राग नव्हता की काही नव्हतं, नुसता वाट बघत होता.

"वहिनी?"

"जलीलचीच हो भावजी," आनंदीबाई हसत म्हणाल्या. त्यांना काही कळलं नव्हतं. "मीपण होते की बरोबर, बाजारात जायचंच होतं मला. तुम्ही जेवायला येताय म्हटल्यावर त्याने कलेजी वरती घातलीय."

"मंग ठीक हाय."

त्याने बिस्मिल्ला म्हटलं आणि वडा मोडला. रस्सा झकास झालाय म्हणाला. नुरजहाँला म्हणाला, वाटण कसं करतात ते वहिनींना विचारून घे. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदाही घेतलं, पोट भरून जेवला. प्रत्येक वेळी तो ताट पुढे करी, श्रीपत पळीने वाढी, आणि इरशाद "बास, बास" म्हणे, ताटाकडे बघून.